वाढत्या जाळ्यांचे गणित : प्रस्तावना

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर आणि सोलापूर यांच्यामधली ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एका लयीत जोडले गेले. त्याआधी दक्षिणेत बाहेरची वीज पोचत नव्हती असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीहून ती जात होतीच. पण वाटेत तिचे दिष्ट प्रवाहात रूपांतर होई, त्यामुळे दोन्हीकडची जनित्रे आपापल्या वारंवारतेने फिरत. या वेगळेपणाचा अर्थ दीड वर्षापूर्वीच दिसला होता. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, ३१ ला उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. साठ कोटींच्या आसपास लोक राहतात असा हा प्रदेश. दक्षिणेतले दिवे चालू राहिले, कारण दक्षिण तेव्हा त्या लयीत बांधलेलीच नव्हती.

पूर्व आणि ईशान्य विभाग १९९१ मध्ये एक झाले, २००३ मध्ये पश्चिम विभाग त्यांना जोडला गेला, २००६ मध्ये उत्तर, शेवटी दक्षिण. आजच्या नकाशावर हा क्रम दिसत नाही. तिथे फक्त रेषा आहेत, सगळ्या एकाच वयाच्या असाव्यात तशा.

हे पुस्तक त्या पुसल्या गेलेल्या क्रमाबद्दल आहे. जाळे कसे दिसते हा एक प्रश्न, ते तसे कशाने झाले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हातात आले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही, कारण अगदी वेगवेगळ्या रीतींनी वाढलेली जाळी शेवटी सारखी दिसू शकतात. वाढीचे गणिती प्रारूप हे इतिहासाविषयीचे विधान असते आणि इतिहासाच्या विधानाला पुरावा तारखांनिशी लागतो. या विषयात गेल्या पंचवीस वर्षांत जे वाद झाले, त्यांतले बरेचसे एवढे एक ध्यानात ठेवले असते तर झालेच नसते असे माझे मत आहे.

विषयाला नवीन असलेल्या वाचकासाठी आधी मांडणी. गणितात जाळे म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. बिंदू म्हणजे माणसे, स्टेशने, वेबपाने, प्रथिने, बँका, काहीही. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला तेव्हापासून या चित्राचे शास्त्र सुरू झाले असे मानतात. पण त्याचे पूल जागचे हलत नव्हते, आणि पुढची दोनशे वर्षे जाळ्यांचे गणित बहुतांशी अशा स्थिर चित्रांचेच राहिले.

बदल आणला तो हंगेरीच्या पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेनी यांनी. १९५९ आणि १९६० मधल्या त्यांच्या निबंधांत बिंदू ठरलेले असतात आणि दुवे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडलेले असतात. एकेक दुवा टाकत गेले की सुरुवातीला लहानलहान तुकडे तयार होतात. दर बिंदूमागे सरासरी एक दुवा पडला की त्या सीमारेषेवर चित्र एकदम पालटते: तुकडे एकमेकांत मिसळतात आणि साऱ्या जाळ्याचा मोठा हिस्सा व्यापणारा एक महाघटक उभा राहतो. पाण्याचा बर्फ व्हावा तसे हे स्थित्यंतर आहे, आणि ते केवळ योगायोगातून निघते. आजही या विषयाचा अभ्यास इथूनच सुरू करावा. फक्त एक उणीव आहे. या जाळ्यात साऱ्या बिंदूंना सारखीच संधी असल्यामुळे प्रत्येकाकडे सरासरीच्या आसपासच दुवे असतात. कोणी फार श्रीमंत नाही, कोणी फार गरीब नाही. जगातली पुष्कळ जाळी अशी नाहीत.

ती तशी का नाहीत याचे पहिले गणिती उत्तर वनस्पतिशास्त्रातून आले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. जॉन विलिस हे श्रीलंकेत पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाचे संचालक होते. वनस्पतींच्या प्रजातींची कोष्टके मांडताना त्यांना दिसले की बहुतेक प्रजातींत जाती एखाद-दोनच असतात आणि मोजक्या प्रजातींत मात्र शेकड्यांनी. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२५ मध्ये त्याचे कारण दिले. जातीतून नवी जात फुटते आणि ती सहसा त्याच प्रजातीत राहते. तेव्हा ज्या प्रजातीत जाती जास्त, तिच्यात नवी जात निर्माण होण्याची शक्यताही तितकीच जास्त. नव्या प्रजातीही अधूनमधून उगवत राहतात. या दोनच गोष्टींतून विलिस यांचे ते विषम कोष्टक निघते. १९५५ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी दाखवले की शब्दांची वारंवारता, शहरांची लोकसंख्या, मिळकतीची वाटणी यांचेही गणित याच वळणाचे आहे. पैशाकडे पैसा जातो हे आपण एरवी म्हणतोच; इथे त्याला सूत्र मिळाले.

जाळ्याला ते सूत्र लावले डेरेक प्राइस यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. तिथे रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे खंड आले, ते त्यांनी घरी नेले आणि दहादहा वर्षांचे गठ्ठे करून भिंतीशी रचले. गठ्ठ्यांची उंची चक्रवाढीने वाढत होती. विज्ञानाच्या वाढीची मोजणी हे त्यांचे आयुष्यभराचे काम तिथून सुरू झाले. १९६५ मध्ये त्यांनी शोधनिबंध हे बिंदू आणि एका निबंधाने दुसऱ्याचा दिलेला संदर्भ हा दुवा मानून वैज्ञानिक वाङ्मयाचे जाळे मांडले. कोणत्याही एका वर्षी सुमारे ३५ टक्के निबंधांचा कोणीच उल्लेख करत नाही आणि थोड्यांचा उल्लेख वारंवार होतो, असे त्यांना आढळले. १९७६ मध्ये त्यांनी या विषमतेचे प्रारूप दिले: निबंधाला नवा संदर्भ मिळण्याची शक्यता त्याला आधी मिळालेल्या संदर्भांच्या प्रमाणात असते. वाढत्या जाळ्याचे हे पहिले पूर्ण प्रारूप. ग्रंथालयशास्त्रात ते वाचले गेले. भौतिकशास्त्रज्ञ आणि गणिती यांच्यापर्यंत वीसेक वर्षे पोचलेच नाही.

मग १९९८ आणि १९९९ ही दोन वर्षे आली. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवले की शेजाऱ्याशेजाऱ्यांत घट्ट विणलेल्या जाळ्यात लांबचे थोडेसेच दुवे टाकले तरी कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर झपाट्याने घटते. त्यांचे प्रारूप सुंदर आहे, पण त्यात जाळे वाढत नाही, म्हणून या पुस्तकात त्याला जागा कमी आहे. वाढीचा प्रश्न पुन्हा मध्यभागी आणला आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी १९९९ मध्ये. नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची सव्वातीन लाखांच्या आसपास पाने आणि त्यांच्यामधले सुमारे पंधरा लाख दुवे त्यांच्या गटाने मोजले होते. दुव्यांची वाटणी कमालीची विषम निघाली. त्यांनी दिलेले कारण प्राइस यांचेच होते, त्यांना प्राइस ठाऊक नसताना सुचलेले.

हे प्रारूप इतके साधे आहे की प्रस्तावनेतच करून पाहता येते. दर टप्प्याला एक नवा बिंदू येतो आणि समजा दोन दुवे टाकतो. कोणाला जोडायचे याची पसंती तो दुव्यांच्या प्रमाणात ठरवतो: दहा दुवे असलेला बिंदू निवडला जाण्याची शक्यता एक दुवा असलेल्याच्या दहापट. दहा हजार टप्प्यांनंतर जाळ्यात सुमारे वीस हजार दुवे, म्हणजे दुव्यांची चाळीस हजार टोके असतील. शंभराव्या टप्प्याला आलेल्या बिंदूकडे तेव्हा किती दुवे असतील? गणित सांगते की बिंदूचे दुवे काळाच्या वर्गमुळाने वाढतात. दहा हजार भागिले शंभर म्हणजे शंभर, त्याचे वर्गमूळ दहा, गुणिले सुरुवातीचे दोन: सरासरीने वीस. अडीच हजाराव्या टप्प्याला आलेल्याकडे चारच. दोघेही त्याच नियमाने खेळले, दोघांत गुणांचा फरक नाही, फरक फक्त येण्याच्या वेळेचा. साऱ्या जाळ्याचा हिशेब केला तर दुव्यांची संख्या दुप्पट धरली की तितके दुवे असलेले बिंदू एक-अष्टमांश होतात. हाच तो घातांक तीनचा घातनियम. बेला बोलोबाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. मूळ निबंधातली व्याख्या जिथे मोघम होती तिथे ती नीट बांधूनही घेतली.

पुढच्या दहा वर्षांत या प्रारूपाला शेकडो फांद्या फुटल्या. साऱ्यांची मोजदाद इथे करत नाही. ज्यांनी विचाराची दिशा बदलली त्यांच्याबद्दल लिहितो. पाव्हेल क्रापिव्हस्की, सिडनी रेडनर आणि फ्रान्स्वा लेव्राझ यांनी २००० मध्ये विचारले की पसंती दुव्यांच्या बरोबर प्रमाणात नसली तर काय? ती जराशी कमी असली तर घातनियम मोडतो आणि बडे बिंदू फार मोठे होत नाहीत. जराशी जास्त असली तर एकच बिंदू जवळजवळ सगळे दुवे गिळतो. म्हणजे घातनियम सुरीच्या धारेवर उभा आहे. दुसरा प्रश्न उशिरा येणाऱ्यांचा. गुगल १९९८ मध्ये आले, तोवर अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राचा जम बसला होता. नुसत्या वयावर भिस्त असती तर गुगल पुढे गेलेच नसते. जिनेस्त्रा बियांकोनी आणि बाराबाशी यांनी २००१ मध्ये प्रत्येक बिंदूला स्वतःची कुवत दिली. या प्रारूपाचे समीकरण सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधल्या कामातून निघालेल्या संघननाच्या गणिताशी जुळते: काही परिस्थितींत एकच सर्वांत सक्षम बिंदू साऱ्या दुव्यांचा ठरावीक हिस्सा आपल्याकडे ओढून ठेवतो, जाळे कितीही वाढले तरी.

तिसरी फांदी मला अधिक खोल वाटते. जॉन क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सुचवले की नवे वेबपान लिहिणारा माणूस कोणाकडे किती दुवे आहेत हे मोजत बसत नाही. तो एखादे आवडलेले पान उघडतो आणि त्यावरचे काही दुवे उचलतो. एवढ्या नकलेतूनच विषमता तयार होते, कारण जास्त पानांवर असलेला दुवा उचलला जाण्याचा संभवही जास्त. पेशीतल्या प्रथिनांच्या जाळ्यात हीच नक्कल शब्दशः घडते: जनुकाची दुसरी प्रत तयार होते, तिच्यापासून बनणारे प्रथिन मूळच्याच सोबत्यांना जोडलेले असते, आणि मग उत्क्रांतीत काही दुवे गळतात. पसंती, कुवत, नक्कल. तिन्हींतून दिसणारे चित्र मिळतेजुळते, तिन्हींचा इतिहास निराळा.

समाजशास्त्रज्ञांचे घराणे याहून वेगळे आहे आणि भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले टॉम स्नायडर्स यांनी उभी केलेली प्रारूपे एखाद्या शाळेतल्या वर्गासारखी लहान जाळी घेतात. सहा महिन्यांच्या अंतराने मुलांना मित्र कोण हे विचारायचे, आणि दोन नोंदींच्या मधे कोणी कोणाशी मैत्री जोडली, कोणी तोडली याची संभाव्यता काढायची. मित्राचा मित्र मित्र होतो का? सिगारेट ओढणारी मुले एकमेकांकडे ओढली जातात, की मैत्री झाल्यावर सिगारेट लागते? शेवटच्या एका छायाचित्रावरून हा प्रश्न सुटूच शकत नाही. क्रमाचे महत्त्व या घराण्याने पहिल्यापासून ओळखले होते.

अंतर आणि खर्च यांचे घराणे अभियंत्यांचे. मनमाड जंक्शनचे उदाहरण पाहा. तिथून रूळ चार दिशांना जातात: इगतपुरीमार्गे मुंबईकडे, भुसावळकडे, दौंडकडे आणि छत्रपती संभाजीनगरकडे. स्टेशन कितीही गजबजले तरी तिथून चारशे मार्ग फुटणार नाहीत. जमीन, घाट आणि पैसा यांची मर्यादा आहे. पण याच रेल्वेकडे दुसऱ्या नजरेनेही पाहता येते. कोलकात्याच्या परोंगमा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय रेल्वेचा अभ्यास केला तेव्हा एकच गाडी ज्या दोन स्टेशनांवर थांबते ती जोडलेली मानली. या जाळ्यात मनमाडचे शेजारी चार राहत नाहीत, त्यांची रांग लागते. आणि त्यांनी निवडलेल्या ५८७ स्टेशनांपैकी कोणत्याही दोघांत सरासरीने दोन गाड्यांपेक्षा थोडेसेच जास्त अंतर निघाले. तरीही दुव्यांची वाटणी घातनियमाने जाणारी नव्हती, त्याहून वेगाने उतरणारी होती. दुवा कशाला म्हणायचे हे ठरवल्याशिवाय जाळ्याच्या वाढीबद्दल बोलणे व्यर्थ आहे, हे या एका अभ्यासाइतके स्पष्ट कशाने होत नाही.

आपल्याकडच्या आणखी एका कामाची ओळख मराठी वाचकाला व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. संजय जैन आणि संदीप कृष्ण यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना १९९८ पासून एक प्रारूप विकसित केले. कल्पना करा एका डबक्याची, त्यात रेणूंच्या काही जाती, काही जाती दुसऱ्यांच्या वाढीला हातभार लावणाऱ्या. दर टप्प्याला सर्वांत क्षीण जात नाहीशी होते आणि तिच्या जागी यदृच्छेने जोडलेली नवी जात येते. बराच काळ काहीच घडत नाही. मग कधीतरी योगायोगाने एक चक्र जुळते: पहिली दुसरीला वाढवते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची पहिलीला. त्यानंतर जाळे भराभर त्या चक्राभोवती गोळा होते आणि सारे डबके परस्परावलंबी बनते. पुष्कळ पुढे, एखादा नेमका दुवा तुटला की ही सारी रचना एकाएकी कोसळूही शकते. इथे बिंदूंची संख्या वाढतच नाही. बदलते ती रचना. वाढ आणि बदल हे दोन वेगळे विषय आहेत, हे मला या प्रारूपाने शिकवले.

आता वादाकडे. २००० नंतर जिकडेतिकडे घातनियम सापडू लागले. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन आलेख काढायचा, ठिपके साधारण सरळ रेषेत दिसले की झाले. ॲरन क्लॉसेट, कोस्मा शालिझी आणि मार्क न्यूमन यांनी २००९ मध्ये या सवयीवर काटेकोर संख्याशास्त्राचा लगाम घातला. २०१९ मध्ये ॲना ब्रॉइडो आणि क्लॉसेट यांनी नऊशेहून अधिक जाळी तपासली आणि त्यांतल्या अवघ्या ४ टक्क्यांत घातनियमाचा भक्कम पुरावा आढळल्याचे सांगितले. त्यावर बरीच खडाजंगी झाली. चाचणी अवाजवी कडक आहे, मर्यादित आकाराच्या खऱ्या जाळ्यांकडून निर्दोष घातनियमाची अपेक्षाच चूक, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. माझ्या मते आकड्यांबाबत घातनियमाच्या टीकाकारांची बाजू खरी आहे, पण दोन्ही पक्ष शेवटच्या चित्रावरच भांडत राहिले. पसंतीचा नियम खरा की खोटा हे थेट मोजता येते: प्रत्येक दुवा पडला त्या क्षणी समोरच्याकडे किती दुवे होते? न्यूमन यांनी २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या तारीखवार नोंदींवर हे केले. रेडनर यांनी २००५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या ११० वर्षांच्या संदर्भांवर केले, आणि नवा संदर्भ मिळण्याचा दर आधीच्या संदर्भांच्या जवळजवळ सरळ प्रमाणात आढळला. प्राइस यांचे म्हणणे त्यांच्याच क्षेत्रात टिकले. ते दुसरीकडे टिकेल का, हे दर वेळी नव्याने मोजावे लागते.

हे सारे आज का वाचायचे? कोविडच्या काळात संसर्गाचे आलेख घरोघरी पाहिले गेले, पण संपर्काचे जाळे स्थिर मानले की उत्तर चुकते हे फारसे बोलले गेले नाही. समजा बेबी आणि चंदू रविवारी भेटले, आणि अनिल आणि बेबी सोमवारी. नकाशावर अनिलपासून चंदूपर्यंत वाट आहे. पण अनिलचा आजार त्या वाटेने चंदूपर्यंत जाऊ शकत नाही, कारण बेबी आणि चंदूची भेट आधीच होऊन गेली. चंदूचा मात्र अनिलपर्यंत येऊ शकतो. शिवाय माणसे आजाराच्या बातमीने गाठीभेटी टाळतात, म्हणजे जाळ्यावरून जे वाहते तेच जाळ्याला बदलते. बँकांच्या परस्पर उधारीचेही असेच आहे. समाजमाध्यमांवर तर कोणाची ओळख कोणाला सुचवायची हे संगणकाला दिलेले नियम ठरवतात. तिथे वाढीचे प्रारूप आता निरीक्षकाच्या वहीत राहिलेले नाही, तेच जाळे घडवत आहे. ज्याच्याकडे अनुयायी जास्त त्याचेच नाव आणखी लोकांना सुचवायचे, असा नियम कोणी लिहिला तर त्याचे परिणाम यूल यांच्या समीकरणातून आधीच काढता येतात. धोरण आखणाऱ्यांना ते ठाऊक असले पाहिजेत.

बारावीपर्यंतचे गणित, म्हणजे संभाव्यता आणि थोडे कलनशास्त्र, येत असलेला वाचक मी समोर ठेवला आहे. प्रत्येक प्रारूप आधी हाताने, वहीवर, दहा-बारा बिंदूंपर्यंत वाढवायचे, मग सूत्र काढायचे, आणि मगच संगणकाला सांगायचे, ही पुस्तकाची पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच: या प्रारूपाने सांगितलेला इतिहास कोणत्या नोंदींनी खोटा ठरू शकेल? जाळ्यांच्या क्षयाला मी मुद्दाम मोठी जागा दिली आहे. न्यूयॉर्कच्या कपडे-उद्योगातले व्यवहारांचे जाळे १९८५ ते २००३ या काळात तीन हजारांहून अधिक कंपन्यांवरून दोनशेच्या आत आले, आणि त्या ऱ्हासाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आटत जाणारे जाळे म्हणजे वाढीचा चित्रपट उलटा चालवणे नव्हे, हे त्यातून कळते. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या मुंबईतल्या गिरणगावाचा कोणी याच पद्धतीने, तारीखवार कागदपत्रे घेऊन अभ्यास करावा, असे मला फार वाटते. भौगोलिक जाळ्यांचे सविस्तर गणित आणि मेंदूतल्या जोडण्यांचा विषय मात्र मी सोडून दिला आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तके हवीत.

शेवटचा भाग उलट दिशेच्या प्रश्नाला दिला आहे. वाढून पूर्ण झालेले जाळे समोर आहे, तारखा हरवल्या आहेत. मग त्यातला पहिला बिंदू ओळखता येईल का? सेबास्तियँ ब्यूबेक, लुक डेव्हरॉय आणि गाबोर लुगोशी यांनी २०१७ मध्ये झाडासारख्या, म्हणजे कुठेही फेरा पूर्ण न होणाऱ्या जाळ्यांसाठी याचे उत्तर दिले. दर नवा बिंदू एकच दुवा टाकतो असे धरले, तर जाळ्यात हजार बिंदू असोत की दहा कोटी, मोजक्याच संशयितांची अशी यादी करता येते की ठरवलेल्या खात्रीने पहिला बिंदू तीत असतो. यादीची लांबी आपल्याला हव्या असलेल्या खात्रीवर ठरते, जाळ्याच्या आकारावर नाही. पसंतीने वाढलेल्या झाडालाही हे लागू पडते आणि पसंतीविना वाढलेल्यालाही. म्हणजे पुसलेल्या क्रमाचा काही अंश रचनेत शिल्लक राहतो. किती राहतो, आणि फेरे असलेल्या खऱ्याखुऱ्या जाळ्यांत तो कितपत वाचता येतो, यावर आज जोमाने काम चालू आहे. त्या कामाचे निबंध वाचता येतील इतकी तयारी वाचकाची व्हावी, या बेताने मी प्रकरणांचा क्रम लावला आहे.